साडेपाच एकर, तिघांचे तीन सल्ले आणि गवत कापणारी मात्र चौथीच

प्रश्न थोडक्यात असा: पेन्सिल्वेनियातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ३८, घरात नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. गेल्या ऑक्टोबरात गावाबाहेर साडेपाच एकरांची प्रॉपर्टी घेतली, त्यातलं साडेचार एकर तरी नुसतं गवत, घरामागे उतार आणि उताराच्या तळाशी ओढा. आता मार्च आलाय, एप्रिलमध्ये गवत सुटणार, आणि रायडिंग मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) कुठला घ्यायचा यावर घरात रोज चर्चासत्र. नवरा म्हणतो मोठ्या दुकानातला ४२ इंची लॉन ट्रॅक्टर घेऊ, अडीच हजार डॉलरच्या आत काम होतंय. शेजारचे रिटायर्ड काका म्हणतात कमर्शियल झिरो टर्न (जागच्या जागी वळणारा मोअर) घ्या, ६० इंची, बारा हजार गेले तरी चालतील. सासरे सांगलीकडचे शेतकरी, ते व्हिडिओ कॉलवरून सांगतात की ही खेळणी कशाला, सरळ छोटा ट्रॅक्टरच घ्या. मैत्रिणीचं म्हणणं, 'वीस वर्षं टिकेल असं एकच नाव सांगा, म्हणजे विषय संपेल.' आणि मग पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, 'नवरा आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतो, त्यामुळे गवत तसं मीच कापणार आहे.'

उत्तर:

अगं, वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तिघांनी तीन मशीनं सुचवली, त्यातला एकजण तर आठ हजार मैलांवरून, पण जी त्या सीटवर बसणार आहे तिला काय झेपतं, काय आवडतं, कशाची भीती वाटते हे कुणी विचारलेलं दिसत नाही. आणि गंमत म्हणजे तूसुद्धा पत्रात ते लिहिलेलं नाहीस! उतार किती आहे ते नाही, झाडं किती ते नाही, पाठदुखी आहे का ते नाही. नुसतं 'एक नाव सांगा.'

नाव सांगून विषय संपत नाही हे मी पैसे घालवून शिकलेय. आम्ही ओहायोत तीन एकरांवर राहायला आलो तेव्हा पहिला मोअर असाच रंग आणि किंमत बघून घेतला होता. चौथ्या उन्हाळ्यात एका दुपारी तो मागच्या चढावर मधेच थांबला. इंजिन मस्त चालू, पाती फिरतायत, पण गाडी पुढे जाईना, आणि मी आपली पेडल दाबत बसलेय. ट्रान्समिशन गेलं होतं. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर नवरा म्हणाला एवढ्यात नवीनच येईल की, आणि तसंच झालं. त्यामुळे आज जे लिहितेय त्यातलं अर्धं त्या चढावर बसून आलेलं शहाणपण आहे.

आधी तुझ्या वीस वर्षांबद्दल. मोअरचं आयुष्य वर्षांत मोजतच नाहीत, तासांत मोजतात. हे आबांना (तू सासऱ्यांना आबाच म्हणतेस ना, तसं लिहिलंयस) एका वाक्यात कळेल, कारण आपल्याकडे ट्रॅक्टरचं भाडं तासावर, सर्व्हिसिंग तासावर, जुना घ्यायला गेलं तरी पहिला प्रश्न 'किती तास चाललाय?' तर आपणही तास काढूया. हिशोब सोपा आहे, ताशी मैलांतला वेग गुणिले डेकची (पाती ज्याखाली फिरतात त्या पत्र्याच्या खोक्याची) इंचातली रुंदी, भागिले शंभर, म्हणजे तासाला किती एकर ते येतं, आणि वळणं, झाडं, ओव्हरलॅप यांच्यापायी त्यातले वीस टक्के वजा करायचे. ४२ इंची लॉन ट्रॅक्टर चार मैलांच्या वेगाने चालवलास तर तासाला साधारण १.३ ते १.४ एकर. तुझे साडेचार एकर म्हणजे सव्वातीन तास. पेन्सिल्वेनियात एप्रिल ते ऑक्टोबर धरून २८ वेळा कापलंस (जुलै-ऑगस्टमध्ये ऊन वाढलं की तिकडचं गवत जरा झोपतं, पण मे महिन्यात दर पाच दिवसांनी अंगावर येतं, ते तिथं वसूल होतं) तर वर्षाला नव्वद तास होतात. काकांचा ६० इंची झिरो टर्न सहा मैलांनी पळवलास तर तेच काम दीड तासात, वर्षाला चाळीस-पंचेचाळीस तास.

आता वॉरंटीचा कागद काढ. जॉन डीअरच्या एस १०० मालिकेच्या लॉन ट्रॅक्टरला, म्हणजे मोठ्या दुकानांत दिसतात ते, २ वर्षं किंवा १२० तास यातलं जे आधी संपेल ते, आणि त्यांच्याच एक्स ३०० मालिकेला ४ वर्षं किंवा ३०० तास. तुझ्या नव्वद तासांच्या हिशोबात पहिल्याची वॉरंटी दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच संपते. मशीन वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, एक-दीड एकरवाल्याला ते वर्षानुवर्षं पुरतं. कंपनीने स्वतःच छापून ठेवलंय की हे किती कामासाठी बनवलंय, आपणच तेवढी ओळ सोडून बाकी सगळं वाचतो.

पण मशीनच्या आधी मला तुला दुसरंच विचारायचंय. ते साडेचार एकर कापायचं कुणी ठरवलं? साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे. आबांना सांग की आम्ही १८० गुंठ्यांत एक दाणा न पिकवता दर आठवड्याला पेट्रोल जाळून गवत कापतो आणि ते तिथेच टाकून देतो, मग त्यांचा चेहरा बघ. आधीच्या मालकाने सगळं कापलं होतं म्हणून आपणही कापायचं, शेजारच्या काकांच्या लॉनवर पट्टे दिसतात म्हणून आपल्याही दिसले पाहिजेत, हे आपण न बोलता गृहीत धरून बसतो. मीही दहा वर्षं धरलं होतं. मग एका वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मागचा एक एकर तसाच राहिला, जुलैमध्ये त्यात काजवे आले आणि मी तो परत कधी कापलाच नाही, वर्षातून एकदा सोडून.

तुझ्याकडे तर ओढा आहे. ओढ्याच्या काठापर्यंत गवत तासून ठेवलं की पावसात काठ ढासळतो, तिथे झुडपं आणि झाडंच हवीत. तेव्हा खालचे दीड-दोन एकर कुरणासारखे सोडून द्यायचा विचार कर. पेन स्टेट एक्स्टेन्शनचं, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या शेती-सल्ला विभागाचं, ऑफिस पेन्सिल्वेनियाच्या प्रत्येक काउंटीत आहे, त्यांना विचार, ओढ्याकाठी काय लावायचं आणि कुरण कसं करायचं याची माहिती ते देतात. फक्त कुरण म्हणजे मोअर बंद करून घरात बसणं नव्हे हं. पहिली दोन-तीन वर्षं त्यात काटेरी थिसल येतं, मल्टीफ्लोरा रोज नावाचं काटेरी झुडूप घुसतं, अंगाला लागली की खाज सुटणारी पॉयझन आयव्हीची वेल येते, ते काढत राहावं लागतं. वर्षातून एकदा, हिवाळा संपता संपता, ब्रश हॉगवाल्याला (ट्रॅक्टरमागे झुडपं कापायचं यंत्र लावून येतो तो) बोलावून सगळं कापून घ्यायचं, ते काम तुझ्या मोअरचं नाही. टाउनशिपचा गवताच्या उंचीचा नियम आधी बघ, काही ठिकाणी नोटीस येते. आणि कडेने सहा फुटांचा पट्टा मात्र नीट कापत जा, त्याने दोन गोष्टी होतात, एक म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलंय, आळसाने नाही, आणि दुसरं म्हणजे टिक्स, गोचिड्या. पेन्सिल्वेनियात त्यांच्या चाव्याने होणारा लाइम डिसीज भरपूर, मूल अंगणात खेळणार, तेव्हा रान आणि खेळायची जागा यांच्यामध्ये तीन फुटांचा लाकडाच्या ढलप्यांचा किंवा खडीचा पट्टा घाल. सरकारी आरोग्य खातंही हेच सांगतं.

समज हे केलंस, तर उरले अडीच एकर. ४८ इंची डेकने चार मैलांच्या वेगाने दीड-पावणेदोन तास म्हण. वर्षाला पंचेचाळीस तास. म्हणजे काकांच्या बारा हजारांच्या मशीनचे जेवढे तास आले असते तेवढेच, साधारण निम्म्या पैशांत. टिकाऊपणा इथूनच सुरू होतो बघ, दुकानात जायच्या आधी.

आता उतार. हे या शनिवारी करच. चार-पाच फुटांची सरळ फळी घे, उताराच्या दिशेने जमिनीवर ठेव, तिच्यावर फोन ठेवून लेव्हलचं ॲप उघड आणि अंश वाच. दहा-बारा ठिकाणी मोज, सगळ्यात तीव्र जागेचा आकडा लिहून ठेव. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १५ अंशांची मर्यादा असते, म्हणजे दहा फूट पुढे गेल्यावर जमीन साधारण पावणेतीन फूट खाली. डोळ्यांना १५ अंश काहीच वाटत नाहीत आणि १० अंश डोंगर वाटतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. १५ च्या वर आलं तर तिथे कुठलाच रायडिंग मोअर न्यायचा नाही, तो तुकडा कुरणात घाल, विषय बंद. त्याच्या आतही ओल्या गवतावर उतारावर जायचं नाही, रायडिंग ट्रॅक्टर उतारावर वरखाली चालवायचा, आडवा नाही, आणि ओढ्याच्या काठापासून मोअरच्या निदान दोन रुंदींएवढं अंतर ठेवायचं.

झिरो टर्नबद्दल माझं मत इथेच सांगून टाकते. सपाट जागा, खूप झाडं, फुलांचे वाफे असतील तर त्याच्यासारखं सुख नाही, जागच्या जागी गर्रकन वळतो, झाडाभोवती परत परत मागेपुढे करावं लागत नाही. साठच्या दशकात कॅन्ससमध्ये तो आकाराला आला आणि आता निम्मी अमेरिका त्याच्यावर बसलीय. पण त्याची पुढची चाकं शॉपिंग कार्टच्या चाकांसारखी नुसती भिरभिरतात, वळणं आणि थांबणं सगळं मागच्या दोन चाकांवर. उतारावर ओल्या गवतात ती मागची चाकं सुटली की स्टिअरिंगही गेलं आणि ब्रेकही गेला, आणि तुझ्या उताराच्या तळाशी काय आहे ते तूच लिहिलंयस. कब कॅडेटकडे पुढची चाकंही वळवणारे, स्टिअरिंग व्हीलवाले झिरो टर्न मिळतात, ते उतारावर बरे वागतात. तरी कुठलाही घेतलास तर त्याला रोल बार (उलटल्यावर चिरडू न देणारी सीटमागची लोखंडी कमान) आणि सीट बेल्ट असू दे. बार उभा असताना बेल्ट लावायचा, बार खाली पाडला असेल तर बेल्ट लावायचा नाही, हे उलटं वाटलं तरी तसंच आहे, कारण बार नसताना उलटला तर त्याच्यापासून सुटून बाहेर पडता आलं पाहिजे.

टिकण्याच्या बाबतीत लोक इंजिनाच्या हॉर्सपॉवरबद्दल तासन् तास बोलतात, तुझ्या पत्रातही दोन ठिकाणी हॉर्सपॉवर आहे. त्याला फार भाव देऊ नकोस. हॉर्सपॉवर फुगवून छापल्याच्या मोठ्या दाव्यात २०१० मध्ये कंपन्यांनी तडजोड केली, आणि आता बऱ्याच इंजिनांवर सीसी आणि टॉर्क लिहिलेला दिसतो तो त्यामुळेच. अडीच-तीन एकरांना दोन सिलिंडरचं नावाजलेलं कुठलंही इंजिन पुरतं. कावासाकी घेतलंस तर त्यांची एफआर मालिका घरगुती, एफएस आणि एफएक्स धंदेवाईक, एवढं लक्षात ठेव, कारण दुकानदार नुसतं 'कावासाकी आहे' एवढंच सांगतो. इंजिनं सहसा तेल बदललं की चालतात. जातं ते ट्रान्समिशन, आणि त्याबद्दल जाहिरातीत एक अक्षर नसतं. टफ टॉर्क नावाची कंपनी टेनेसीत ही बनवते, तिचं के ४६ हे हलक्या लॉन ट्रॅक्टरसाठीचं, आणि के ६६, के ७२ ही वजनदार गार्डन ट्रॅक्टरसाठीची. झिरो टर्नमध्ये हायड्रो गिअर कंपनीचं ईझेडटी हे सुरुवातीच्या पायरीचं, झेडटी २८०० पासून वर गेलं की तेल आणि फिल्टर बदलायची सोय मिळते. दुकानात गेलीस की एकच प्रश्न विचार, 'याच्या ट्रान्समिशनचं तेल बदलता येतं का, आणि किती तासांनी?' समोरचा गोंधळला तर तुला उत्तर मिळालं. चढावर रोज राबणाऱ्या मशीनचं तेल तापतं, पातळ होतं, झिजीचा कचरा त्यात फिरत राहतो, आणि सीलबंद असलं तर तो बाहेर काढायला वाटच नाही.

डेकबद्दल थोडंच. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला किंवा जाड पत्रे वेल्डिंग करून बनवलेला, असे दोन प्रकार. वेल्डिंगवाला ठोकर जास्त सोसतो, त्यात गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे ७ गेज १० पेक्षा जाड, १० गेज १३ पेक्षा. पण दाबलेला पत्रा म्हणजे लगेच टाकाऊ नाही, गवत तोही छान कापतो. डेक मरतो तो खाली चिकटून राहिलेल्या ओल्या गवताने, गंजून. कापून झाल्यावर गार झाला की खरवडायचा, बस.

तर तिघांचे सल्ले. नवऱ्याचा सल्ला अडीच एकरांना आणि सौम्य उताराला अगदीच चुकीचा नाही, फक्त ४२ च्या जागी ४८ इंच आणि एक पायरी वरचं मशीन म्हण त्याला, ज्याचं ट्रान्समिशन उघडून सर्व्हिस होतं. काकांचं मशीन उत्तम, पण ते त्यांच्या सपाट जागेसाठी. आणि आबा... आबांचं मला सगळ्यात जास्त पटतं आणि तरी मी नको म्हणतेय. कुबोटाची बीएक्स मालिका बघ, किंवा आबांना आनंद द्यायचा तर आपल्या महिंद्राचीही छोटी मॉडेल्स तिकडे मिळतात, महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत आहे, ऑफिस ह्यूस्टनला. पोटाखाली ५४ किंवा ६० इंची डेक बसतो, पुढे लोडर लागतो, बर्फ ढकलता येतो, खडी ओढता येते, आणि तास मोजशील तर तो खरंच वीस वर्षांच्या वर जाईल. पण लोडर-डेक धरून पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो, लोडरशिवायही हजार पौंडांच्या वर जाणारं धूड ओल्या लॉनवर चाकोऱ्या पाडतं, सेप्टिक टाकीचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या ड्रेन फील्डवर तर लोडर भरून नेऊच नये, आणि झाडांमधून वळताना तुझा जीव जाईल. तुमचा ड्राइव्हवे किती लांब आहे आणि बर्फ कोण काढतं ते तू लिहिलेलं नाहीस. चारशे-पाचशे फुटांचा खडीचा ड्राइव्हवे असेल आणि दर हिवाळ्यात कुणाला तरी पैसे देत असशील तर हा हिशोब पूर्ण बदलतो, मग आबा बरोबर आणि मी चूक.

एका गोष्टीत मात्र आबांचं अजिबात ऐकायचं नाही. तू सहज लिहिलंयस की मे महिन्यात ते येणार आहेत आणि नातवाला मांडीवर घेऊन मोअर चालवायला शिकवणार आहेत. मला कळतं गं ते. आपण सगळे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतात गेलोय, ऊस भरलेल्या ट्रॉलीवर चढलोय, आणि कुणाला काही झालं नाही असं आपल्याला वाटतं, कारण ज्यांना झालं ते कुणी सांगत बसत नाही. मोअरचं काम वेगळं आहे. पोटाखाली पात्याचं टोक ताशी जवळपास दोनशे मैलांच्या वेगाने फिरत असतं. मांडीवरून घसरलेलं मूल चाकासमोर किंवा डेकखाली जातं, आणि दुसरा अपघातही तितकाच वाईट, मूल आजोबांच्या मागे मागे धावत येतं आणि आजोबा रिव्हर्स घेतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते की रायडिंग मोअर १६ वर्षांच्या आत चालवायला द्यायचा नाही, आणि प्रवासी म्हणून तर मूल कधीच बसवायचं नाही. आणि जे मूल एकदा मांडीवर बसलंय ते पुढच्या वेळी मोअरचा आवाज ऐकला की धावत येणारच, त्याच्यासाठी ती आजोबांची फेरी असते. म्हणून एकदाही नको. मोअर चालू असेपर्यंत मुलगा घरात, दार लावून, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली. बऱ्याच लॉन ट्रॅक्टरमध्ये रिव्हर्स टाकला की पाती किंवा इंजिन आपोआप बंद पडतं आणि चालू ठेवायला वेगळं बटण दाबावं लागतं, लोकांना त्याचा वैताग येतो आणि ते वायर जोडून बायपास करतात. तू करू नकोस, नवऱ्यालाही करू देऊ नकोस. आबांना कसं सांगायचं? तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाला सांगायला लाव, आणि विमानात बसायच्या आधी. इथे आल्यावर नातवासमोर नाही म्हटलं तर ते दुखावतील. त्याऐवजी नातवाला घेऊन त्या ओढ्याकाठी झाडं लावायचं काम त्यांच्याकडे दे, कुठल्या जागी पाणी साठतं, कुठली माती कसली, हे तुला-मला कळणार नाही ते त्यांना चार दिवसांत कळेल.

आता नाव. तुला एकच नाव हवं होतं ना, ते मशीनचं देण्याऐवजी डीलरचं शोध. घरापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या आत, स्वतःचं वर्कशॉप असलेला, मशीन न्यायला-आणायला ट्रेलर पाठवणारा असा कोण आहे ते बघ आणि तो जे ब्रँड ठेवतो त्यातूनच निवड. डीअर असेल, कुबोटा असेल, टोरो, फेरिस, स्कॅग, ग्रेव्हली, जे असेल ते. फोन करून अमुक मॉडेलचा डेकचा पट्टा आणि पात्यांचा सेट आत्ता, या मिनिटाला शेल्फवर आहे का ते विचार. 'मागवून देतो' म्हणाला तर समज की मेमध्ये पट्टा तुटला तर तुझं गवत गुडघ्यापर्यंत येणार. आणि एप्रिल-मे मध्ये सगळ्यांचीच दुकानं दुरुस्तीच्या मशीनांनी भरलेली असतात, म्हणून जायचं तर याच महिन्यात जा. जाशील तेव्हा नवऱ्याला बरोबर ने, पण सीटवर तू बस. पाय पेडलपर्यंत नीट पोचतो का, झिरो टर्नचे लॅप बार (वळवायचे दांडे) ओढताना खांदा दुखतो का, मागे वळून बघता येतं का. फेरिसच्या काही मॉडेलना सस्पेन्शन असतं, पाठीचा त्रास असेल तर ते एकदा चालवून बघ, खडबडीत जमिनीवर दीड तास हादरे खाल्ले की दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसवत नाही.

पैसे कमी पडत असतील तर नवीन स्वस्त घेण्यापेक्षा चांगल्या प्रतीचं जुनं बघायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी. आधीच फोन करून सांग की मी यायच्या आधी चालू करू नका, आणि गेलीस की इंजिनाला हात लावून बघ, गार असलं पाहिजे, गार असताना चालू होणारं इंजिन खरं बोलतं. आणि मग ते निदान वीस मिनिटं चालव, चांगलं तापू दे, आणि तापल्यावर चढावर ने. दमलेलं ट्रान्समिशन गार असताना पळतं आणि गरम झालं की रडतं, माझ्या पहिल्याचं असंच चालू होतं आणि मला वाटायचं गवत ओलं आहे म्हणून जड जातंय.

बॅटरीवाल्याबद्दल तू विचारलंयस ते राहिलं. ईगो, रायोबी वगैरेंचे छान शांत चालतात, तेल नाही, पट्टे कमी, दोन एकरांच्या आत आणि सपाट असेल तर मी आज तोच घेतला असता. तुझ्या उतारावर आणि अडीच एकरांवर एका चार्जमध्ये दमछाक होईल, आणि सहा-आठ वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च आत्ताच मनात धरून ठेव.

माझं मत विचारशील तर, मोजल्यावर सगळ्यात तीव्र जागा १० ते १५ अंशांच्या मध्ये आली तर ४८ इंची, सर्व्हिस होणाऱ्या ट्रान्समिशनचा, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असलेला वजनदार ट्रॅक्टर. १० च्या आत आली आणि झाडं भरपूर असतील तर ५२ इंची मधल्या पायरीचा झिरो टर्न, रोल बारसकट. साधारण पाच ते सात हजारांची तयारी ठेव. नवऱ्याच्या आकड्याच्या दुप्पट ते जवळपास तिप्पट आहे, माहितीये. त्याला तासांचा हिशोब कागदावर मांडून दाखव, इंजिनीअर आहे म्हणतेस ना, लगेच पटेल.

घेतल्यावर पहिलं तेल मॅन्युअल सांगेल त्या तासाला बदल, पहिल्यांदा ते फार लवकर बदलायचं असतं आणि तेच सगळे विसरतात. पाती पंचवीस तासांनी धार लावून घे, बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, मग लॉन वरून पिवळट दिसतं आणि आपण खताला दोष देतो. गवत तीन-साडेतीन इंच ठेव, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नकोस. पेट्रोल पंपावर ८८ लिहिलेलं स्वस्त दिसलं तर भरू नकोस, त्यात १५ टक्के इथेनॉल असतं, या इंजिनांना १० च्या वर चालत नाही. नोव्हेंबरात ठेवून देताना टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) टाकून पाच मिनिटं चालव, बॅटरीला चार्जर लाव.

आणि शनिवारी फळी-फोन घेऊन उतार मोजलास की सगळ्यात तीव्र जागेचा आकडा आणि ड्राइव्हवेची लांबी मला लिही. डीलरने पट्ट्याबद्दल काय सांगितलं तेही.